सायकलचा चिरलेला टायर: कुठला वाचवायचा, कसा वाचवायचा

जुलैमधली रविवारची सकाळ. पानशेतच्या रस्त्यावर आदल्या रात्रीच्या कुणाच्या तरी पार्टीची बाटली फुटलेली, वर पावसाची भुरभुर. ओली काच रबरात कोरड्या काचेपेक्षा सहज घुसते, कारण पाणी तिथं वंगणाचं काम करतं. 'फस्स' होतं, रस्त्याकडेला बसून ट्यूब बदलतो, घरी येतो. मग टायर हातात घेऊन त्या सहा मिलिमीटरच्या चिरेकडं बघत बसतो. टायर जेमतेम पाचशे किलोमीटर चाललेला, किंमत चार-साडेचार हजार. टाकवत नाही, आणि परत चढवायचा तर छातीत धस्स होतं.

असे बरेच टायर मी आजवर दुरुस्त करून वापरलेत. काही त्यानंतर दोन-अडीच हजार किलोमीटर बिनतक्रार चालले. एक मात्र पंधराव्या मिनिटाला फुटला. त्यात चूक माझीच होती. बाहेरून चिरेत सुपरग्लू भरला, वरून टायर नव्यासारखा दिसायला लागला, आणि आतून काहीच न लावता मी निघालो.

हवा नक्की धरतं कोण?

आपल्याला टायर म्हणजे रबर वाटतो. पण हवेचा दाब रबर पेलत नाही, आतलं कापड पेलतं. त्याला केसिंग म्हणतात. नायलॉनच्या बारीक दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके ठेवून, पातळ रबरात बुडवून ते केलेलं असतं. टायरवर ६० टीपीआय, १२० टीपीआय असं छापलेलं असतं, ते एका इंचात असे किती दोरे बसवलेत त्याचं माप. रस्त्याला टेकतं ते वरचं रबर फक्त झिजायला आणि पकड द्यायला. बऱ्याच टायरांत या दोन्हींच्या मध्ये काटे-काचा अडवणारा एक पट्टाही असतो.

आता हिशोब बघा. २५ मिमी रुंदीच्या टायरमध्ये ९० पीएसआय (दर चौरस इंचाला ९० पौंड) हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६.३ किलोचा रेटा. अंगठ्याच्या नखाएवढं कापड फाटलं, तर तिथली ट्यूब सहा किलोच्या जोरानं बाहेर यायला बघते. ट्यूब म्हणजे जवळपास फुगाच. ती चिरेतून डोकं काढते, रस्त्याला घासते, फुटते. हा रेटा कुठलाही गोंद एकट्यानं थोपवू शकत नाही. त्यासाठी आतून न ताणणारं काहीतरी लागतं. पंक्चरवाले त्याला गेटर म्हणतात.

म्हणजे कामं दोन: गेटर धरतो, गोंद बुजवतो. बाहेरून भरलेल्या गोंदाचं काम एवढंच, की चिरेत खडे आणि पाणी जाऊ नये. या दोघांची गल्लत केली की माझ्यासारखं पंधराव्या मिनिटाला रस्त्यावर बसावं लागतं.

आधी निदान

टायर काढण्याआधी चिरेभोवती खडूनं गोल करा. हवा गेल्यावर चीर मिटते, आणि मग ती शोधण्यात अर्धा तास जातो. टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी वॉल्व्हपाशी आणायची सवयही लावून घ्या. ट्यूबमधलं भोक वॉल्व्हपासून वीतभर अंतरावर असेल, तर टायरमधला गुन्हेगारही वीतभरावरच सापडतो.

टायर उतरवून धुवा, पुसा. खिडकीपाशी किंवा टॉर्चच्या उजेडात चिरेच्या जागी उलटा वाकवा, म्हणजे तोंड उघडेल. काच अजून आत असेल तर सेफ्टी पिननं उकरून चिमट्यानं काढा. चाकूचं टोक वापरू नका. पुष्कळदा काचेपेक्षा जास्त नुकसान तेच करतं. नंतर कापसाचा बोळा आतून पूर्ण टायरभर फिरवा. ट्रकच्या फुटक्या टायरांमधून पडलेल्या केसासारख्या पोलादी तारा हायवेच्या कडेला विखुरलेल्या असतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला टोचतात, पण कापूस त्यांच्यात बरोबर अडकतो. बाभळीच्या काट्यांची मोडकी टोकंही अशीच सापडतात.

आता आतली बाजू बघा. सगळा निर्णय इथं आहे. दोरे अखंड आहेत का? टूथपिकचं बोथट टोक बाहेरून हलकेच चिरेत सरकवा. ते मध्येच अडलं आणि आत काही दिसलं नाही, तर कापड शाबूत आहे. आतून टोक दिसलं, किंवा दोऱ्यांची टोकं पिंजलेल्या कापसासारखी उभी राहिली असतील, तर कापड कापलंय.

यावरून मी असं ठरवतो. फक्त रबर चिरलं असेल, तर ती दुरुस्तीही नव्हे. काच काढा, वाटलं तर गोंद भरा, विसरून जा. कापडाला तीन मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल, तर आतून चांगला पॅच पुरतो. तीन ते सात-आठ मिलिमीटर, आणि तेही रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या भागात असेल, तर गेटर घालून टायर वाचवता येतो. त्याहून मोठी चीर फक्त घरी पोचण्यापुरती झाकायची. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, मी आणखी कडक असतो. तिथं वरचं जाड रबर नाही, पट्टा नाही, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती जागा वाकते. दोन-तीन दोऱ्यांपेक्षा जास्त कापले असतील, तर गेटर घालून घरी यायचं आणि टायरला निरोप द्यायचा. बीड, म्हणजे रिममध्ये अडकणारी कड, कापली असेल तर दुरुस्तीचा विचारही नको. टायर रिमवर टिकतो तो बीडच्या जोरावर.

ही मापं कुठल्या नियमावलीतली नाहीत, माझ्या अनुभवातली आहेत. ८० किलोचा माणूस ताम्हिणी घाट उतरणार असेल, तर त्यानं ही मापं आणखी कमी धरावीत.

घरची दुरुस्ती

सामान साधं आहे: टायर लिव्हर, १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर, मेडिकलमध्ये मिळणारं सर्जिकल स्पिरिट, पंक्चरचं सोल्यूशन, कडेला पातळ होत जाणारे तयार पॅच, टाल्कम पावडर, एक चमचा आणि गेटरसाठी कापड.

गेटर कशाचा करायचा यावर आमच्या ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं वाद चाललाय. माझं मत ठाम आहे: जुन्या, पातळ, घडी होणाऱ्या रोड टायरचा तुकडा. तो मुळात याच कामासाठी बनलेला असतो. बीड कापून टाकायचे आणि साइडवॉलच्या भागातला तुकडा घ्यायचा, कारण मधला भाग जाड असतो. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) किंवा स्कूटरचा टायर नको. तो इतका जाड असतो की चाक फिरताना दर फेऱ्याला 'टक टक' जाणवतं. जुना टायर नसेल तर फाटक्या सॅकचं घट्ट विणीचं नायलॉन चालतं. रबराच्या ट्यूबचा तुकडा मात्र गेटर म्हणून निरुपयोगी आहे. तो ताणला जातो, आणि आपल्याला नेमकं न ताणणारं काहीतरी हवंय. बाजारात मागं चिकट लावलेले तयार टायर बूटही मिळतात. प्रवासात ते उत्तम, घरी मला त्यांची गरज वाटत नाही.

आकार: चिरेच्या चारही बाजूंना किमान दीड सेंटिमीटर जास्त. सहा मिलिमीटरच्या चिरेला साधारण चार बाय साडेतीन सेंटिमीटरचा तुकडा. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी सुटतो आणि ट्यूबला टोचतो. मग कडा पॉलिश पेपरवर तिरक्या घासून पातळ करा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंत तर महिन्याभरात गेटरची कड ट्यूबवर रेघ पाडते आणि तिथूनच ट्यूब जाते.

आता टायर. पहिली अट, तो पूर्ण कोरडा हवा. पावसाळ्यात कापलेल्या दोऱ्यांमधून पाणी कापडात शिरलेलं असतं. वरून कोरडं दिसलं तरी रात्रभर पंख्याखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी पिंजलेली दोऱ्यांची टोकं छोट्या कात्रीनं छाटा, चांगल्या दोऱ्याला हात लावू नका. आतली बाजू गेटरपेक्षा थोड्या मोठ्या भागात पॉलिश पेपरनं घासा, पण फक्त चमक जाईपर्यंत. चांगल्या टायरमध्ये दोऱ्यांवर रबराचा पापुद्राच असतो. जोर लावलात तर दुरुस्तीच्या आधी दोरेच कापाल. गेटरची चिकटणारी बाजूही घासा. दोन्ही स्पिरिटनं पुसा आणि वाळू द्या.

सोल्यूशनचा पातळ थर दोन्हींवर लावा आणि थांबा. ओलं असतानाच दाबून मोकळं होण्याची घाई सगळेच करतात. सोल्यूशनमधला द्रव उडून जायला हवा, नाहीतर तो आत कोंडतो आणि जोड मऊच राहतो. पाच ते दहा मिनिटं, दमट हवेत पंधरा. चमक गेली, बोटाला चिकट लागतं पण बोटावर येत नाही, की दुसरा पातळ थर, आणि पुन्हा तेवढीच वाट.

चिकटवताना टायर सपाट करू नका. हवा भरल्यावर तो गोल असणार आहे, म्हणून तसाच गोल राहू द्या आणि गेटर आतून त्या वळणात बसवा. सपाट टायरवर चिकटवलेला गेटर हवा भरल्यावर कडेनं उचलला जातो. मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत या, मग चमच्याच्या पाठीनं जोर देऊन घासा. गेटर जाडसर वाटला तर त्याच्यावर एक मोठा पंक्चरचा पॅच लावून कडा झाका. शेवटी पावडर भुरभुरा, म्हणजे उघड्या राहिलेल्या सोल्यूशनला ट्यूब चिकटणार नाही. रात्रभर ठेवून द्या.

तीन मिलिमीटरखालच्या भोकाला हीच कृती, फक्त गेटरऐवजी पॅच.

बाहेरची चीर

सुपरग्लू मी आता वापरत नाही. तो कडक होतो, टायर वाकतो, मग तो तडकतो आणि त्याची धारच रबराला कापते. बूट-चपलांचे तळ चिकटवायला मिळतो तसला, वाळल्यावर लवचिक राहणारा गोंद उत्तम. चीर स्पिरिटनं पुसा, टायर वाकवून तोंड उघडा, टूथपिकनं गोंद तळापर्यंत पोचवा, टायर सरळ सोडा. वर आलेला गोंद पुसून घ्या आणि वर सेलोटेप लावून २४ तास विसरा. काही महिन्यांनी तो निघतो, पुन्हा भरायचा. निघाला म्हणून घाबरायचं कारण नाही, दाब त्याच्यावर नव्हताच.

चढवणं आणि चाचणी

दुरुस्त टायर नेहमी मागच्या चाकाला. मागं वजन जास्त पडतं हे खरं, पण मागचा टायर फुटला तर सायकल डगमगते आणि सावरता येते. उतारावर पुढचा फुटला तर हँडलच हातात राहत नाही. म्हणून पुढच्या टायरला चीर गेली असेल, तर मागचा चांगला टायर पुढं आणा आणि दुरुस्त केलेला मागं घाला. पाऊण तास जातो, जाऊ द्या.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून, आकार आल्यावर ती टायरमध्ये बसवा, म्हणजे गेटरखाली घडी पडणार नाही. शेवटचा भाग लिव्हर न वापरता हातानं चढवा. ३० पीएसआयला थांबून बीडजवळची रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारखी दिसते का बघा. ६० ला पुन्हा थांबा आणि चिरेवरून बोट फिरवा. टेंगूळ लागलं तर हवा सोडा, गेटर कमी पडलाय. नाही लागलं तर नेहमीपेक्षा दहा पीएसआय कमी ठेवून दहा मिनिटं वाट बघा आणि चाक फिरवून ब्रेकला किंवा फ्रेमला काही घासत नाही ना, ते तपासा. फार खालीही जाऊ नका. दाब कमी पडला की खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि एकाऐवजी दोन भोकं पडतात. पहिली फेरी घराभोवती पाच-सहा किलोमीटर. परत आल्यावर पुन्हा बोट फिरवा. पुढचे काही आठवडे दर रविवारी.

रस्त्यात चिरला तर

१८९१ च्या पहिल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ मिशलँचे काढता-घालता येणारे टायर लावून जिंकला. त्याआधीचे टायर रिमला चिकटवलेले असत, म्हणजे पंक्चर ही अर्ध्या दिवसाची डोकेदुखी. आपण त्या शोधाचे लाभार्थी. तरी आजही बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, निघालेले निम्मे लोक दोन ट्यूब घेतात आणि गेटर एकही नाही. चिरलेल्या टायरमध्ये दुसरी ट्यूबही पहिलीच्याच वाटेनं जाते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात. त्यातला एक तास खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी टायरकडं बघण्यात घालवणं परवडत नाही.

गेटर विसरलात तर नोट कामी येते. आपल्या नोटांचा कागद कापसाच्या धाग्यांचा असतो, साध्या कागदापेक्षा पुष्कळ चिवट. दहाची नोट चार पदरी घडी करून, ट्यूबमध्ये थोडी हवा भरल्यावर, टायर आणि ट्यूबच्या मधे चिरेवर सरकवा. भिजली तर मात्र तिचा जोर कमी होतो. त्यापेक्षा टपरीवर मिळणाऱ्या फ्रूटीचं खोकं कापून घ्या, किंवा टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा. दोन्ही लॅमिनेट केलेले, ताणत नाहीत. बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन कमजोर, दुहेरी-तिहेरी करावं लागतं. डक्ट टेप एकटी नको. गरम झाल्यावर तिचा चिकटपणा घसरतो आणि टेप हळूहळू चिरेतून बाहेर सरकते.

चीर साइडवॉलवर बीडच्या जवळ असेल, तर गेटरची एक कड बीडखाली, रिम आणि टायरच्या मध्ये दाबून बसवा. तेवढाच त्याला आधार. हवा ५०–६० पीएसआय, चीर मागच्या टायरला असेल तर वजन शक्यतो पुढं झुकवून, खड्ड्यात उभं राहून, उतार सावकाश. दर दहा किलोमीटरला थांबून बोट फिरवा.

हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात "दादा, सायकलच्या टायरला गेटर आहे का?" एवढं विचारलं तरी जुन्या टायरचा तुकडा निघतो. कडा पातळ करून मागा. गरम मशीननं पॅच मारू का असं विचारलं तर नको म्हणा, रोड टायरचं पातळ कापड तो ताप सोसत नाही. हवा भरायला प्रेस्टा वॉल्व्हचा (रोड सायकलच्या बारीक वॉल्व्हचा) पितळी ॲडाप्टर आपल्याकडंच असलेला बरा. त्याच्याकडचा कॉम्प्रेसर ट्रकसाठी असतो; नळी त्याच्या हातात देऊन गप्पा मारत उभं राहू नका.

ट्यूबलेसवाल्यांसाठी

छोटं भोक टायरमध्ये ओतलेला द्रव, म्हणजे सीलंट, स्वतःच बुजवतो. त्याहून मोठ्या चिरेत चिकट वातीसारखा प्लग खुपसायचा. रोड टायरमधला दाब जास्त असल्यानं एमटीबीवर सहज बसणारा प्लग इथं कधीकधी थुंकल्यासारखा बाहेर येतो. प्लग बसला तरी घरी आल्यावर आतून पॅच किंवा गेटर लावा. त्याआधी वाळलेलं सीलंट बोटानं सोलून काढा आणि स्पिरिटनं पुसा. सीलंटच्या पापुद्र्यावर लावलेला पॅच म्हणजे पापडावर लावलेला पॅच.

रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी आतून पूर्ण टायर चाचपून घ्या. ट्यूबलेसमध्ये महिनोन्महिने काटे रुतून बसलेले असतात. सीलंटमुळं ते कळलेलेच नसतात, आणि ट्यूब घातली की पहिल्याच किलोमीटरला सगळे जागे होतात. रिम हुकलेस, म्हणजे टायरची कड अडकवायला आत आकडा नसलेली, असेल तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर कधीच जायचं नाही, टायर नवा असो की दुरुस्त केलेला.

शिवायचा का?

मोचीकडून टायर शिवून घेतलेले लोक मला भेटलेत, आणि ते त्याचं कौतुक करतात. मला ते फारसं पटत नाही. आरीचं प्रत्येक भोक आणखी दोन दोरे तोडतं, आणि मधल्या भागातले टाके रस्त्याला घासून आठवड्यात संपतात. साइडवॉलची लांब चीर असेल, नवा टायर मिळायला चार दिवस असतील, तरच शिवा. बारीक सुई, मासेमारीचा विणलेला दोरा, चिरेपासून तीन-चार मिलिमीटर सोडून फुलीचे टाके, आणि आतून गेटर हवाच. टाक्यांनी कडा फक्त जवळ राहतात, जोर गेटरच घेतो. मोचीकडं गेलात तर सगळ्यात बारीक आरी वापरायला सांगा.

टाकून द्यायचा टायर

चीर लहान असली तरी काही टायर वाचवण्यात अर्थ नसतो. वरच्या रबरातून दोरे दिसायला लागलेत, चाक फिरवल्यावर टायर नागमोडी पळतो, कुठंतरी टेंगूळ आहे, किंवा रबरातले झीज दाखवणारे छोटे खळगे पुसले गेलेत, तर त्याच्यावर सोल्यूशन वाया घालवू नका. एकाच टायरला तिसरा गेटर लागायची वेळ आली, तरी मी थांबतो.

पण तो तसाच कचऱ्यात टाकायचा नाही. पक्कडनं किंवा मोठ्या कात्रीनं दोन्ही बीड कापून काढा, मधला जाड पट्टा बाजूला करा, आणि साइडवॉलच्या दोन्ही पट्ट्यांचे सहा-सहा सेंटिमीटरचे तुकडे पाडा. टायरचा घेर दोन मीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे एका पट्टीतून तीस-पस्तीस तुकडे निघतात. अरुंद वाटले तर ते साइडवॉलच्या चिरांसाठी ठेवा, आणि रुंद गेटर हवा असेल तर मधला भाग झिजून पातळ झालाय तिथून अख्ख्या रुंदीचा कापा. कोपरे गोल करा, कडा घासा, दोन सॅडल बॅगेत टाका, बाकीचे ग्रुपमध्ये वाटा. माझ्या बॅगेत सध्या आहे तो त्या पंधराव्या मिनिटाला फुटलेल्या टायरचाच तुकडा आहे.